अगर पावडरचे दोन ग्रेड: टिश्यू कल्चरचं टेबल आणि रुग्णालयाची लॅब

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत अगर पावडर, म्हणजे लॅबमधलं वाढीचं माध्यम (मीडिया) जेलीसारखं घट्ट करणारी पावडर, ५०० ग्रॅमच्या बाटलीत मिळते आणि बाटलीवर बहुतेक वेळा दोनपैकी एक नाव असतं: ‘बॅक्टेरिऑलॉजिकल ग्रेड’ किंवा ‘प्लांट टिश्यू कल्चर ग्रेड’. दोन्ही पावडरी फिकट, बारीक, जवळजवळ बिनवासाच्या. डोळ्यांना फरक कळत नाही. त्यामुळे ज्या संस्थेत वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्ही विभागांचं स्टोअर एकच आहे, तिथून इंडेंट (खरेदीची मागणी) जातो तो नुसता ‘अगर पावडर’ असा, आणि सगळ्यांत कमी कोटेशनचा माल येतो. मग त्याच बाटलीतून केळीच्या कोंबांचा मीडिया बनतो आणि रुग्णाच्या थुंकीतला जंतू वाढवायची प्लेटही ओतली जाते.

आमचं मत आधीच सांगतो. टिश्यू कल्चरसाठी, म्हणजे कोंबापासून बाटलीत रोपं वाढवायला, टिश्यू कल्चर ग्रेड घ्या. न्यूट्रिअंट अगर, पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर, स्लँट (नळीत तिरकं गोठवलेलं अगर) अशा जंतू-बुरशीच्या रोजच्या मीडियांना चांगला बॅक्टेरिऑलॉजिकल ग्रेड पुरतो. पण रुग्णाला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं हे ज्या प्लेटवरून ठरतं, त्या म्युलर-हिंटन अगरसाठी सुटी अगर पावडर मुळीच वापरू नका, दोन्हीपैकी कुठल्याच ग्रेडची. तयार म्युलर-हिंटन पावडर घ्या, लॉट (एका वेळी बनलेला माल) तपासून.

कंपन्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. अगर समुद्री शेवाळातून काढतात. शेवाळाची जात, किनारा, हंगाम, धुण्याची आणि अल्कलीत उकळण्याची पद्धत बदलली की एकाच कंपनीचे दोन लॉटसुद्धा वेगळे वागतात. म्हणून कंपनीला गुण देण्यापेक्षा ग्रेड नीट समजून घेणं आणि हातातला लॉट तपासणं जास्त उपयोगाचं.

लॅबमध्ये अगर आलं ते १८८१ मध्ये, फॅनी हेस यांच्या सूचनेवरून. तोवर जंतू जिलेटिनवर वाढवत, आणि जिलेटिन उबदार हवेत पातळ होतं. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या मुंबईच्या खोलीत जिलेटिनची प्लेट सरळ वाहू लागेल. अगर मात्र साधारण ८५ अंशांना वितळतं आणि बहुतेक वेळा ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतं. वितळण्याच्या आणि गोठण्याच्या तापमानात एवढं अंतर असल्यामुळेच ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट टणक राहते आणि ४५ अंशांना ओतताही येते.

बाटलीवरचा जो आकडा सगळे बघतात तो जेल स्ट्रेंग्थचा, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. दीड टक्क्याचं जेल २० अंशांना एका चौरस सेंटिमीटरवर किती वजन २० सेकंद पेलतं, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे अगर चांगलं, असं धरून चालण्याची सवय आहे. ती अर्धवट बरोबर आहे. स्ट्रेंग्थ जास्त असेल तर पावडर कमी लागते, हे खरं. पण रोप नीट वाढेल का, अँटिबायोटिकच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, बरोबर येईल का, हे त्या आकड्यात कुठेच नाही. ते ठरतं अगरबरोबर आलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमसारख्या आयनांवर, सल्फेट गटांच्या प्रमाणावर आणि गोठण्याच्या तापमानावर. सीओए (लॉटच्या तपासणीचं प्रमाणपत्र) मागितल्यावर विक्रेत्याने नुसती जेल स्ट्रेंग्थ आणि पीएच पाठवला, तर राख, ओलावा आणि गोठण्याचं तापमान हे तीन आकडे पुन्हा मागा.

गोठण्याच्या तापमानाचा संबंध शेवाळाच्या जातीशी आहे. जेलिडियमपासून काढलेलं अगर साधारण ३४ ते ३८ अंशांना गोठतं. ग्रॅसिलारियाचं बहुधा ४० किंवा त्याच्या थोडं वर. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या बाजूला, जेलिडिएला आणि ग्रॅसिलारिया या दोन्ही जाती मिळतात. ग्रॅसिलारियाचं अगर वाईट असतं असं नाही, पण रक्त घालायच्या मीडियाला ते अडचणीचं. ब्लड अगरमध्ये ५ ते ७ टक्के मेंढीचं रक्त ४५ ते ५० अंशांना मिसळतात. त्याहून गरम असेल तर पेशी फुटून मीडिया चॉकलेटी होतो. अगर ४१ अंशांना गोठणारं असेल तर हातात फक्त चार अंश उरतात. रक्ताची बाटली फ्रिजमधून थेट काढून ओतली की मीडियात गुठळ्या दिसतात, आणि बोल रक्ताला लावला जातो. रक्त आधी खोलीच्या तापमानाला आणा आणि कमी तापमानाला गोठणारं अगर निवडा. प्लेट गुळगुळीत येते.

आता टिश्यू कल्चरचं टेबल. मुराशिगे आणि स्कूग यांचा १९६२ चा एमएस मीडिया अजूनही बहुतेक लॅबचा पाया आहे. लिटरला ३० ग्रॅम साखर, पीएच ५.७ ते ५.८, अगर ७ ते ८ ग्रॅम. टिश्यू कल्चर ग्रेडचं अगर या प्रमाणाला मऊ पण न हलणारं जेल देतं. कोंब सहज रोवता येतो, आणि सबकल्चरच्या (नव्या मीडियात हलवण्याच्या) वेळी मुळांना चिकटलेलं जेल कोमट पाण्यात निघून जातं. ग्रँड नैन केळीसारख्या पिकात, जिथे एका कोंबापासून हजारो रोपं करायची असतात, ही गोष्ट रोज जाणवते. जेल पारदर्शक असल्यामुळे बुडाशी धुरकट पसरणारा जिवाणू लवकर दिसतो. केळीच्या आतल्या भागात राहणारे जिवाणू कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरपर्यंत दिसत नाहीत, त्यामुळे मीडिया स्वच्छ दिसणं फार मोलाचं.

बॅक्टेरिऑलॉजिकल ग्रेड या टेबलावर वापरला तर काय होतं? रोपं मरत नाहीत, म्हणूनच चूक लक्षात यायला वेळ लागतो. जेल स्ट्रेंग्थ जास्त असलेलं अगर सवयीने ८ ग्रॅम घातलं की मीडिया कडक होतो, कोंबाला पाणी आणि सायटोकायनिन (फुटवे आणणारं हॉर्मोन) कमी मिळतात, आणि फुटव्यांची संख्या घटते. उलट मऊ लॉट असेल तर पानं काचेसारखी, फुगलेली, ठिसूळ होतात. ही हायपरहायड्रिसिटी. अशी रोपं बाटलीत मोठी दिसतात आणि हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय करायला) पॉलिहाउसमध्ये काढली की कोमेजतात. दोन्ही प्रकारांत माणूस हॉर्मोन बदलत बसतो. आधी अगरचा लॉट बघा. नवा लॉट आल्यावर ६, ७ आणि ८ ग्रॅम अशा तीन बाटल्या लावा, एकाच क्लोनचे कोंब घाला, आणि चार आठवड्यांनी जुन्या लॉटच्या बाटल्यांशेजारी ठेवून पाहा.

ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांतल्या छोट्या रोपावर काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. फॉस्फेट, लोह किंवा जस्त कमी करून मुळांचा प्रतिसाद बघायचा असेल तर साधा टिश्यू कल्चर ग्रेडही पुरेसा नाही. मीडियातून फॉस्फेट काढलं तरी अगर स्वतःबरोबर थोडं घेऊनच येतं, आणि ‘फॉस्फेट नसलेली’ प्लेट प्रत्यक्षात तशी नसते. इथे धुऊन शुद्ध केलेलं अगर किंवा अगरोज (अगरमधला जेल बनवणारा शुद्ध भाग) घ्यावं लागतं, आणि संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा एकच लॉट एकदम विकत घ्यावा. खर्च जास्त आहे, पण प्रयोगाच्या मध्यावर लॉट बदलला तर आधीची सगळी मोजमापं नव्या मोजमापांशी जुळवता येत नाहीत.

ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी रोपांत जनुक घालणाऱ्यांच्या टेबलावर या दोन जगांची खरी गाठ पडते. काम झाल्यावर नको असलेला हा जिवाणू मारायला मीडियात लिटरला २५० ते ५०० मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम घालतात. वॉर्डात शिरेतून दिलं जाणारं तेच औषध. ते उष्णतेने नासतं, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मीडिया ५० अंशांखाली आल्यावर मिसळायचं. इथेही उशिरा, म्हणजे कमी तापमानाला गोठणारं अगर सोयीचं. बाटली हाताला सोसेल एवढी गार होऊ द्या, औषध घाला, फेस न करता गोल फिरवा, लगेच ओता. मिसळताना बाजूने गोठायला लागलं तर औषध सगळीकडे सारखं पसरत नाही, आणि एका कोपऱ्यात ॲग्रोबॅक्टेरियम पुन्हा उगवतो.

रुग्णालयाच्या लॅबबद्दल मात्र जास्त कडक बोलायला हवं, कारण तिथली चूक रुग्णाच्या शरीरात उतरते.

डिस्क डिफ्युजनमध्ये अँटिबायोटिक कागदाच्या चकतीतून जेलमध्ये पसरतं. म्हणजे जेल हाच मोजण्याचा दांडा. म्युलर-हिंटनच्या लिटरभर मीडियात ३८ ग्रॅम पावडर असते, त्यात अगर १७ ग्रॅम. खर्च वाचवायला काही ठिकाणी म्युलर-हिंटन ब्रॉथ (अगर नसलेलं द्रव माध्यम) आणि सुटी अगर पावडर एकत्र करून प्लेट बनवतात. दिसायला ती प्लेट तशीच असते. पण त्या अगरमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कोणी मोजलेलं नसतं. हे आयन जास्त असतील तर स्यूडोमोनास एरुजिनोसावर जेंटामायसिन, अमिकासिन यांचे झोन लहान येतात आणि चालणारं औषध ‘रेझिस्टंट’ म्हणून कळवलं जातं. कमी असतील तर झोन मोठे येतात आणि न चालणारं औषध ‘सेन्सिटिव्ह’ ठरतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. जस्त जास्त असेल तर मेरोपेनेम, इमिपेनेम या कार्बापेनेम औषधांचे झोन आकसतात, आणि साधा क्लेब्सिएला कागदावर कार्बापेनेम-रेझिस्टंट होतो. मग डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात, जे मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध आहे.

कोलिस्टिनची डिस्क तर लावूच नये. रेणू मोठा, धन प्रभाराचा. अगरच्या ऋण गटांना तो धरून बसतो आणि जेमतेम पसरतो. कुठल्याही शुद्धतेच्या अगरवर तो झोन विश्वासाचा नाही. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे अगरऐवजी ब्रॉथमध्ये औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा लावून बघणं.

म्युलर-हिंटन प्लेटचा पीएच ७.२ ते ७.४ च हवा, आणि तो जेल गोठल्यावर खोलीच्या तापमानाला मोजायचा. आम्लाकडे झुकला तर अमिनोग्लायकोसाइडं (जेंटामायसिन, अमिकासिनचा गट) दुबळी दिसतात आणि टेट्रासायक्लिन उगाच जोरदार. जाडी ४ मिलिमीटर. ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २५ मिली मीडिया आणि सपाट टेबल लागतं. जुन्या इमारतींत ओटा एका बाजूला उतरता असतो, तेव्हा स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. उतारावर ओतलेल्या प्लेटच्या एका बाजूला झोन मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान येतो, आणि तो लंबगोल पाहून लोक डिस्कला दोष देतात.

तयार पावडरचा प्रत्येक नवा लॉट कंट्रोल स्ट्रेनवर, म्हणजे झोन किती यावा हे आधीच ठरलेल्या जंतूवर, चालवायचाच (एटीसीसी हा त्याचा जंतुसंग्रहातला क्रमांक). ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिलिमीटरच्या आत यायला हवा. आयनांची खरी परीक्षा मात्र स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३ घेतो, त्यामुळे फक्त ई. कोलायवर लॉट पास करू नका. मीडियात थायमिडीन जास्त असेल तर कोट्रायमोक्साझोलचा परिणाम झाकला जातो; ते तपासायला एन्टरोकॉकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ वर कोट्रायमोक्साझोलची डिस्क लावा. झोन २० मिलिमीटर किंवा जास्त आणि आतून स्वच्छ हवा. आत धुरकट वाढ दिसली तर लॉट परत करा. आठवड्याचं काम वाढतं हे मान्य, पण या तीन प्लेटना पर्याय नाही.

आणि टिश्यू कल्चर ग्रेड रुग्णालयाच्या टेबलावर? तो जिवाणूंच्या वाढीवर तपासलेला असेलच असं नाही. शिवाय त्या बाटलीच्या सवयीने ८ ग्रॅम घातलं तर पृष्ठभाग ओला आणि मऊ राहतो, लूप रुततो, वसाहती एकमेकींत वाहतात आणि मिश्र नमुन्यातून शुद्ध कल्चर काढणं अवघड होतं. महाग पावडर आहे म्हणून प्लेट चांगली होईल, असा हिशेब इथे चालत नाही.

बऱ्याच तक्रारी अगरच्या नसून ते विरघळवण्याच्या पद्धतीच्या असतात. पावडर गरम पाण्यात टाकली की बाहेरून फुगून गोळे होतात आणि आतला भाग कोरडा राहतो. थंड पाण्यात पावडर शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळा, द्राव पूर्ण पारदर्शक झाल्यावरच बाटल्यांत भरा. अर्धवट विरघळलेला मीडिया भरला तर शेवटच्या बाटल्यांत जास्त अगर जातं: पहिल्या पातळ, शेवटच्या दगडासारख्या. पीएच अगर घालण्याआधी लावा. पाच किंवा त्याखालच्या पीएचला ऑटोक्लेव्ह केलं तर अगरच्या साखळ्या तुटतात आणि जेल नीट धरत नाही. बुरशीसाठी पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर ३.५ पीएचला हवं असेल तर निर्जंतुक टार्टारिक आम्ल ऑटोक्लेव्हनंतर घाला, आणि ती बाटली पुन्हा वितळवू नका. ऑटोक्लेव्हला १२१ अंश आणि १५ पौंड दाब. लहान बाटल्यांना १५ ते २० मिनिटं पुरतात, अर्ध्या लिटरच्या फ्लास्कला अर्ध्या तासाच्या आसपास द्यावी लागतात, कारण फ्लास्कच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोचते.

लॉट तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दीड टक्क्याचं द्रावण करून दहा-दहा मिली नळ्यांत भरा, ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा आणि तापमान एकेक अंशाने उतरवत नळी तिरकी करून बघा. वाहणं थांबतं तो अंश लिहून ठेवा. जेल स्ट्रेंग्थसाठी त्याच द्रावणाचं बीकर रात्रभर २० अंशांना ठेवा, सकाळी डिजिटल तराजूवर ठेवून शून्य करा, आणि ११.३ मिलिमीटर व्यासाची सपाट टोकाची काचकांडी स्टँडला लावून हळूहळू खाली दाबा. कांडीचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून जेल फुटायच्या क्षणी दिसलेले ग्रॅम हाच ढोबळ आकडा. सीओएशी तो तंतोतंत जुळणार नाही, पण जुन्या-नव्या लॉटचा फरक स्पष्ट दिसतो. राहिलेलं द्रावण एका नळीत काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरा. रेघा अस्पष्ट दिसल्या तर अगर गढूळ आहे.

पावसाळा हा मुंबईतला स्वतंत्र मुद्दा. अगर ओलावा ओढून घेतं. दहा टक्के ओलावा असलेल्या ८ ग्रॅम पावडरीत कोरडं अगर ७.२ ग्रॅम असतं. जुलैभर बाटली उघडी-बंद होत ओलावा वीस टक्क्यांवर गेला तर तेवढ्याच वजनात उरतं ६.४ ग्रॅम, आणि जेल मऊ येतं. तेच जेल हवं असेल तर ९ ग्रॅम घालावं लागेल. टिश्यू कल्चरवाल्यांना पावसाळ्यात काचेरी पानं जास्त दिसतात, तेव्हा बाटलीतल्या बंद हवेइतकाच हा ओलावाही तपासा. एक ग्रॅम पावडर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. किती घटलं ते कळतं. पॅकिंगच्या बाबतीत म्हणूनच रुंद तोंडाची, आत सील असलेली बाटली पिशवीतल्या मालापेक्षा चांगली. आल्या आल्या १०० ग्रॅमच्या घट्ट झाकणांच्या डब्यांत वाटून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ओतलेल्या प्लेटच्या झाकणांवर पाणी साचत असेल तर मीडिया जास्त गरम ओतला जातोय. ४५ ते ५० अंशांना ओता, आणि वापरण्याआधी झाकण किंचित सरकवून इन्क्युबेटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं वाळवा.

स्वस्त पर्यायांबद्दल. क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळणारा चायना ग्रास म्हणजे अगरच, पण खाण्यासाठीचं. त्यातले क्षार धुतलेले नसतात, स्ट्रेंग्थ पुड्यागणिक बदलते. शाळेच्या प्रात्यक्षिकाला बटाट्याच्या काढ्यात घालून बुरशी वाढवायला छान. व्यावसायिक टिश्यू कल्चरला नको, रुग्णाच्या नमुन्याला अजिबात नको. जेलन गम लिटरला २ ते ३ ग्रॅम पुरतो आणि काचेसारखा स्वच्छ असतो, पण तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आधारावर गोठतो. पूर्ण एमएसमध्ये ३ मिलिमोलर कॅल्शियम आणि दीड मिलिमोलर मॅग्नेशियम असतं, तिथे नीट धरतो. अर्ध्या एमएसला ढिला पडू शकतो. पानं काचेरी होण्याचा धोकाही त्यात जास्त.

खरेदी करताना इंडेंटमध्ये नुसतं ‘अगर’ लिहू नका. ग्रेड, जेल स्ट्रेंग्थची हद्द, गोठण्याचं तापमान, ओलाव्याची कमाल मर्यादा आणि ‘सर्व बाटल्या एकाच लॉटच्या’ ही अट लिहा. आधी एक बाटली नमुना म्हणून मागवा, वरच्या चाचण्या करा, आणि मग त्याच लॉटचा वर्षाचा साठा राखून ठेवायला सांगा. २०१५ मध्ये मोरोक्कोने शेवाळाच्या निर्यातीवर मर्यादा आणल्यावर अगर जगभर महागलं होतं, तेव्हा ज्यांच्याकडे साठा नव्हता त्यांना मिळेल तो लॉट घ्यावा लागला. रुग्णालयाच्या लॅबने सुटं अगर आणि तयार म्युलर-हिंटन पावडर या दोन वेगळ्या ओळी कराव्यात, म्हणजे स्वस्त कोटेशन आलं तरी खरेदी विभागाला एकाच्या जागी दुसरं बसवता येणार नाही.